रास्पबेरी पाय, इतर छोटे बोर्ड आणि स्वस्त एआरएम लॅपटॉप: बिघाड शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. 'पाय' म्हणजे इथे सगळीकडे रास्पबेरी पाय हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, आणि एआरएम हा या बोर्डांत व फोनमध्ये असणाऱ्या प्रोसेसरचा प्रकार. "बोर्ड मेला" म्हणून जे बोर्ड ड्रॉवरमध्ये पडून राहतात, त्यांतले बरेचसे शाबूत असतात. दोष वीज, कार्ड किंवा चुकीची इमेज (कार्डावर लिहायची ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल) यांपैकी कशात तरी असतो, म्हणून सुरुवातीचे प्रश्न त्याच क्रमाने घेतले आहेत. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. अडॅप्टर, केबल आणि कार्ड एकदम बदलले आणि बोर्ड चालू झाला, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि खराब वस्तू पुन्हा वापरात येते.

आज्ञा आणि फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर ती रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टाइप करायची.

१. लाल दिवा लागतो, पण स्क्रीन काळीच. पाय उडाला का?

लाल दिवा फक्त एवढेच सांगतो की बोर्डापर्यंत ५ व्होल्ट पोचले आहेत. आधी कीबोर्ड, माऊस, हॅट (पिनांवर बसणारा जोडबोर्ड), पेन ड्राइव्ह, एसडी कार्ड असे सगळे काढा. फक्त वीज आणि एचडीएमआय ठेवा. पाय ४ आणि ५ वर दोन एचडीएमआय पोर्ट असतात. त्यांतला यूएसबी-सीच्या शेजारचा वापरा. टीव्ही आधी चालू करा, मग बोर्ड.

पाय ४ आणि ५ मध्ये बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम) बोर्डावरच्याच चिपमध्ये असतो. त्यामुळे कार्ड नसतानाही स्क्रीनवर रास्पबेरीचे चित्र आणि माहितीच्या ओळी दिसायला हव्यात. दिसल्या तर बोर्ड ठीक आहे, कार्डाकडे वळा (प्रश्न ५). पाय ३ आणि त्याआधीचे बोर्ड कार्डाशिवाय काहीच दाखवत नाहीत, तेव्हा काळ्या स्क्रीनवरून निष्कर्ष काढू नका.

पुढची पायरी मल्टिमीटर. ४० पिनांच्या पट्टीवर पिन १ एसडी कार्डाच्या बाजूच्या टोकाला, आतल्या रांगेत असते. पिन २ तिच्या शेजारी, बोर्डाच्या कडेला. कडेच्या रांगेतली तिसरी म्हणजे पिन ६, ती ग्राउंड. पिन २ ते ६ मध्ये ५ व्होल्ट आणि पिन १ ते ६ मध्ये ३.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. ५ व्होल्ट आहेत पण ३.३ नाहीत, तर वीज वाटणारी पीएमआयसी चिप गेलेली असण्याची शक्यता मोठी. जंपर वायर किंवा मीटरचे टोक घसरून ५ आणि ३.३ व्होल्टच्या पिना एकमेकींना टेकल्या की नेमके हेच होते. ती दुरुस्ती घरच्या सोल्डरिंग आयर्नने होण्यासारखी नाही. मोजतानाही याच कारणासाठी हात स्थिर ठेवा.

२. हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबतो. त्याचा अर्थ काय?

तो बूटलोडरचा संदेश आहे, मोजून घ्या. ३ छोटे लुकलुक म्हणजे बूट होता आले नाही, नेमके कारण माहीत नाही. ४ छोटे: 'स्टार्ट.ईएलएफ' फाइल सापडली नाही. ७ छोटे: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सापडला नाही. ८ छोटे: रॅममध्ये दोष. २ लांब आणि १ छोटा: पार्टिशन फॅट प्रकारचे नाही. ४ लांब आणि ४ छोटे: या इमेजला हा बोर्ड ओळखता येत नाही.

४ आणि ७ चे दुखणे कार्ड पुन्हा लिहून जाते. ८ चे जात नाही. पाय ४ आणि ५ वर बूटलोडरच बिघडल्याची शंका असेल, तर रास्पबेरी पाय इमेजरमधल्या इतर उपयुक्त इमेजेसच्या यादीतून बूटलोडरची इमेज एका कार्डावर लिहा आणि ते कार्ड घालून वीज द्या. काम झाले की हिरवा दिवा जलद आणि अखंड लुकलुकतो, स्क्रीन पूर्ण हिरवी होते.

३. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. चार्जर तर ३ अँपिअरचा आहे, मग कमी व्होल्टेज कसे?

बहुतेक वेळा चार्जर निर्दोष असतो आणि केबल दोषी. बोर्डावर व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेले की हा इशारा येतो. आता हिशोब पाहा. स्वस्त केबलमधली २८ गेजची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते. वीज जाते आणि परत येते, म्हणून १ मीटर केबलचा रोध ०.४२ ओहमच्या आसपास. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८ व्होल्टपेक्षा जास्त केबलमध्येच खर्च होतात. चार्जरने ५.१ दिले तरी बोर्डाला सव्वाचारच मिळतात. २० गेजच्या तारेत हीच घट ०.१३ व्होल्टच्या आसपास राहते. केबल जाड आणि आखूड घ्या. ज्या अडॅप्टरची वायर कायमची जोडलेली असते तो सर्वांत बिनघोर.

खात्री करायला 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवा. उत्तर ०x० आले तर सगळे ठीक. ०x५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले आणि वेग कमी करावा लागला, पण या क्षणी ठीक आहे. ०x५०००५ म्हणजे आत्ताही पडलेले आहे. मीटरने मोजायचे तर बोर्डावर भार असताना पिन २ आणि ६ वर मोजा. रिकाम्या बोर्डावर कोणतीही केबल चांगलीच दिसते.

इशारा बंद करण्याची सेटिंग आहे, पण तिला हात लावू नका. दोष तसाच राहतो आणि पुढे कार्ड खराब होऊन समोर येतो.

४. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर पाय ५ ला लावला, तरी वीज अपुरी असल्याचा संदेश येतो. का?

६५ वॉट हा आकडा २० व्होल्टवरचा. पायला ५ व्होल्टच लागतात आणि त्या पातळीवर असे चार्जर साधारणपणे ३ अँपिअरच देतात. पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा चार्जर हवा असतो, तो प्रकार बाजारात कमी दिसतो. अधिकृत २७ वॉटचा अडॅप्टर त्यासाठीच आहे.

३ अँपिअरवर पाय ५ चालतो, पण चारही यूएसबी पोर्ट मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. पुरेशी वीज असेल तर १.६ अँपिअर. म्हणूनच कीबोर्ड-माऊस चालतात आणि पोर्टेबल हार्ड डिस्क टिकटिक करत बसते. यूएसबीवरून बूट होणेही अशा वेळी मुळातच अडवलेले असते. तुमचा स्रोत खरोखर ५ अँपिअर देतो पण तसे बोर्डाला सांगू शकत नाही (उदाहरणार्थ बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणारा मॉड्यूल), तर कार्डावरच्या 'कॉन्फिग.टीएक्सटी' या सेटिंगच्या फाइलमध्ये 'यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१' लिहा. ३ अँपिअरच्या चार्जरवर ही ओळ लिहिली तर भार वाढताच बोर्ड बंद पडेल.

उलट अडचण २०१९ च्या पहिल्या पाय ४ बोर्डांवर येते. त्यांच्या यूएसबी-सी जोडणीत एक रोधक कमी होता, त्यामुळे लॅपटॉपसोबत येणारी चिपवाली जाड केबल लावली की चार्जर वीजच देत नाही. तिथे साधी केबल वापरा. आवृत्ती १.२ पासून हा दोष गेला.

५. एसडी कार्ड खराब किंवा बनावट आहे हे कसे ओळखायचे?

तीन खुणा लक्षात ठेवा. पहिली: फाइल पुसली, रीस्टार्ट केले आणि फाइल परत आली. कार्डाने लिहिणे कायमचे थांबवले आहे, ते फक्त वाचू देते. लगेच डेटा काढून घ्या. दुसरी: 'डीमेसेज' (अक्षरे डी-एम-ई-एस-जी; कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) मध्ये 'एमएमसी०' च्या नावाने टाइमआउटच्या ओळी. तिसरी: कार्ड महिनोन्महिने नीट चाललेले असते आणि भरत आल्यावर एकदम फाइली मोडू लागतात. तिसरी खूण बनावट कार्डाची. वर ६४ जीबी लिहिलेले असते, आत ८ असतात, आणि ८ च्या पुढचे लिखाण जुन्याच जागेवर जाते.

नवे कार्ड वापरण्याआधी तपासून घ्या. लिनक्सवर 'एफ३राइट' आणि मग 'एफ३रीड', विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू'. पूर्ण कार्ड भरून परत वाचले जाते, वेळ लागतो, पण याला जवळचा रस्ता नाही. सतत लिहिणाऱ्या कामासाठी (कॅमेरा, सेन्सरच्या नोंदी) 'एन्ड्युरन्स' प्रकारची कार्डे घ्या. ती सीसीटीव्ही आणि डॅशकॅमसाठी बनवलेली असतात.

६. आमच्याकडे लोडशेडिंग आहे. दर वेळी लाइट गेली की कार्ड बिघडते. उपाय?

लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टिम अर्धवट राहते. दोन बाजूंनी उपाय करा.

सॉफ्टवेअरच्या बाजूने: बोर्ड एकच ठरलेले काम करत असेल, तर 'रास्पी-कॉन्फिग' मधल्या परफॉर्मन्स विभागात ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग सगळे लिखाण रॅममध्ये होते, कार्डाला धक्का लागत नाही. पण रीस्टार्टनंतर नोंदीही पुसल्या जातात, हे पक्के लक्षात ठेवा. नोंदी हव्या असतील तर त्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर पाठवा.

विजेच्या बाजूने: राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस आणि त्यापुढे बक कन्व्हर्टर ही जोडणी स्वस्त पडते. बोर्ड जोडण्याआधीच कन्व्हर्टर मीटर लावून ५.१ व्होल्टवर ठेवा, कारण नवा मॉड्यूल हातात येतो तेव्हा १२ व्होल्टच बाहेर काढत असू शकतो. एलएम२५९६ च्या मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी हीटसिंकशिवाय त्याच्याकडून सतत २ च्या पुढे अपेक्षा करू नका. पाय ४ साठी ५ अँपिअर क्षमतेचा घ्या. मिनी यूपीएसवर लिहिलेली वॉटची मर्यादाही पाहून घ्या. साधी पॉवर बँक या कामाला चालत नाही: लाइट जाता-येताना बऱ्याच पॉवर बँका क्षणभर पुरवठा तोडतात, आणि नेमका तोच क्षण आपल्याला टाळायचा असतो.

७. 'कर्नल पॅनिक... अननोन-ब्लॉक' असे येऊन थांबते. कंसातले आकडे वेगवेगळे का असतात?

त्या आकड्यांतच उत्तर आहे. (०,०) म्हणजे कर्नलला मूळ पार्टिशन असलेले साधनच दिसले नाही. 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' (कर्नलला सूचना देणारी फाइल) मधला पार्टिशनचा ओळख क्रमांक चुकला आहे, किंवा ड्रायव्हर नाही. कार्डाची नक्कल करून पार्टिशन हलवल्यावर हे हमखास होते. (१७९,२) म्हणजे कार्डावरचे दुसरे पार्टिशन सापडले, पण वाचता आले नाही. ते बिघडले आहे. कार्ड दुसऱ्या लिनक्स यंत्रात घालून 'एफएससीके' चालवा. दुरुस्त झाले नाही तर प्रश्न ५.

'सीएमडीलाइन.टीएक्सटी' मधला सगळा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. मध्ये एंटर दाबले गेले तरी हीच चूक दिसते.

८. पाय ४ चे चालू कार्ड पाय ५ मध्ये घातले, बूट होत नाही. आणि एका ऑरेंज पायची इमेज दुसऱ्यावर का चालत नाही?

पीसीमध्ये बायोस किंवा यूईएफआय असते, ते ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्रात काय काय आहे ते सांगते. या बोर्डांवर बहुधा तसे कोणी नसते. कोणती चिप कोणत्या पत्त्यावर आहे, कोणती पिन कशाला जोडली आहे, हे डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये आधीच लिहून ठेवावे लागते. शिवाय बूटलोडरला रॅम कोणत्या प्रकारची आहे हे माहीत असावे लागते. ऑरेंज पाय (दुसऱ्या कंपनीचे छोटे बोर्ड) झीरो २ आणि झीरो ३ ची नावे शेजारची असली तरी रॅमचा प्रकार वेगळा, त्यामुळे एकाची इमेज दुसऱ्यावर पहिल्याच पायरीला अडखळते. इमेज उतरवताना बोर्डाचे नाव अक्षरशः जुळवा.

रास्पबेरी पायमध्ये एकच इमेज अनेक मॉडेलना चालते, पण ती त्या मॉडेलच्या जन्मानंतरची हवी. पाय ४ ला जून २०१९ नंतरची (बस्टर नावाच्या आवृत्तीपासून), पाय ५ ला ऑक्टोबर २०२३ नंतरची (बुकवर्म नावाच्या आवृत्तीपासून). जुने कार्ड नव्या बोर्डात चालवण्याच्या खटपटीत न पडता नवी इमेज लिहा आणि आपल्या फाइली हलवा.

९. जुन्या माहितीप्रमाणे 'पाय' आणि 'रास्पबेरी' टाकले, लॉगिन होत नाही. वाय-फायची फाइल ठेवली, तीही वाचली जात नाही.

दोन्ही गोष्टी बदलल्या. ठरलेले नाव आणि पासवर्ड एप्रिल २०२२ पासून काढून टाकले आहेत. आणि बुकवर्मपासून नेटवर्क मॅनेजर आल्यामुळे बूट पार्टिशनमधली 'डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फ' फाइल निरुपयोगी झाली. इमेजरमध्ये कार्ड लिहितानाच नाव, पासवर्ड, वाय-फाय, देश आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याची सोय) भरून टाका. सेटिंगच्या फाइलीही बुकवर्ममध्ये 'बूट' ऐवजी 'बूट/फर्मवेअर' फोल्डरमध्ये आहेत.

१०. घरातले वाय-फाय बोर्डाला दिसत नाही, किंवा दिसते पण रडतखडत चालते.

पाय ३ बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात. फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर तो त्यांना दिसणारच नाही. देश निवडलेला नसेल तर वाय-फाय बंदच ठेवले जाते. 'आरएफकिल लिस्ट' मध्ये ते कळते. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा पद्धत असेल तर डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र करून पाहा.

रडतखडत चालण्याचे एक कारण सहसा लक्षात येत नाही: यूएसबी ३ चा गोंगाट. यूएसबी ३ चे संकेत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विकिरण सोडतात. पाय ४ च्या निळ्या पोर्टला एसएसडी लावली की वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही मंदावतात. एसएसडी चांगल्या आवरणाच्या केबलने हातभर लांब न्या, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. थांबून थांबून जोडणी तुटत असेल तर 'आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' हेही करून पाहा.

११. 'एपीटी अपडेट' म्हणते, रिलीज फाइल अजून वैध नाही. वेबसाइटही प्रमाणपत्र चुकीचे म्हणतात.

बोर्डाचे घड्याळ मागे आहे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. बंद होताना नोंदवलेली वेळ पुन्हा वापरली जाते. इंटरनेट असेल तर एक-दोन मिनिटांत वेळ आपोआप सुधारते. सुधारली नाही तर 'टाइमडेटसीटीएल' ने पाहा. काही कॉलेज-ऑफिसच्या नेटवर्कवर वेळेसाठी लागणारे १२३ क्रमांकाचे पोर्ट अडवलेले असते.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी, म्हणजे शेतातल्या पंपाजवळ किंवा गोठ्यात, डीएस३२३१ चा घड्याळ-मॉड्यूल बसवा. आय२सी (चिपांशी बोलण्याची दोन तारांची जोडणी) वरचा त्याचा पत्ता ०x६८, आणि 'कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१'. सावधान: निळ्या रंगाच्या झेडएस-०४२ मॉड्यूलवर चार्जिंगची सोय आहे आणि ती रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर तो चार्ज होऊ पाहतो आणि फुगतो. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. पायसाठी तेच सर्वार्थाने योग्य. पाय ५ वर घड्याळ आहे, फक्त सेल वेगळा जोडावा लागतो.

१२. उन्हाळ्यात बोर्ड मंद होतो. हीटसिंक पुरेल की पंखाच हवा?

पाय ८० अंशांपासून वेग कमी करतो, ८५ ला कडक आवर घालतो. पाय ३ बी प्लस तर ६० अंशांनाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो. तो दोष नव्हे, तशी रचना आहे. चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक चिपची स्वतःची भर. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ६५ वर चालणारा बोर्ड चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, ८५ वर जाणार. हिवाळ्यात घेतलेली चाचणी विदर्भातल्या उन्हाळ्याला लागू पडत नाही.

बंद प्लास्टिकच्या डब्यात हीटसिंक लावून फारसा फरक पडत नाही, कारण आतली हवाच गरम होते. आधी झाकण काढून 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प' पाहा. पाय ५ चा अधिकृत कूलर ५० अंशांना सुरू होतो आणि ७५ ला पूर्ण वेगाने फिरतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात तो जवळजवळ थांबतच नाही. धूळ दर महिन्याला ब्रशने काढा.

१३. सेन्सर ५ व्होल्टचा आहे. थेट जोडला तर?

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्ट सहन करत नाहीत. कधी ती एकच पिन जाते, कधी पूर्ण चिप. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची 'एको' पिन ५ व्होल्ट देते. ती १ किलोओहमच्या रोधकातून पायच्या पिनेला आणा आणि त्याच पिनेपासून ग्राउंडला २ किलोओहम लावा, पायला ३.३ मिळतात. मागे पीसीएफ८५७४ ची पट्टी असलेल्या एलसीडीवर आय२सीच्या दोन्ही तारा ५ व्होल्टला ओढलेल्या असतात, तिथे लेव्हल शिफ्टर (५ आणि ३.३ व्होल्ट जुळवणारा मॉड्यूल) घाला. एका पिनेतून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त काढू नका. रिले, मोटर कधीही थेट नाही.

जुना पायथन प्रोग्रॅम पाय ५ वर पिना हलवत नसेल, तर वायरिंग उकलत बसू नका. पाय ५ च्या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपमधून येतात आणि जुनी 'आरपीआय.जीपीआयओ' लायब्ररी तिथे चालत नाही. तिच्या जागी 'आरपीआय-एलजीपीआयओ' बसवा. प्रोग्रॅम बहुधा तसाच चालतो.

१४. सिरियल कन्सोल म्हणजे काय आणि तो खरंच लागतो का?

बोर्ड सुरू होताना जे संदेश लिहितो ते दोन तारांवरून दुसऱ्या संगणकावर पाहण्याची सोय म्हणजे सिरियल कन्सोल. रॉकचिप आणि ऑलविनर या कंपन्यांच्या चिपा असलेल्या बोर्डांवर काम करायचे असेल तर तो लागतोच. कर्नल उभा राहीपर्यंत अनेक बोर्डांची एचडीएमआय काळीच राहते. त्याआधी काय बिनसले ते फक्त या दोन तारांवर दिसते. यूएसबी-टीटीएलचा छोटा अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन सहज मिळतो. अंधारात महिनाभर चाचपडण्यापेक्षा ही खरेदी आधी करा.

अडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेवा. ग्राउंड ग्राउंडला, टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला. अडॅप्टरची व्होल्टची तार जोडू नका. पायवर ग्राउंड पिन ६, टीएक्स पिन ८, आरएक्स पिन १०, 'कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'एनेबल_यूएआरटी=१'. पाय ५ वर त्यासाठी दोन एचडीएमआयच्या मध्ये तीन पिनांचे वेगळे सॉकेट आहे. वेग पाय आणि ऑलविनरवर ११५२००. रॉकचिपवर बहुधा १५०००००, आणि इथेच गफलत होते: सीपी२१०२ चिपचा अडॅप्टर एवढ्या वेगाला पोचत नाही, नुसती चित्रविचित्र अक्षरे येतात. सीएच३४० किंवा एफटी२३२ घ्या.

अडॅप्टर जोडलेला असताना बोर्ड चालूच होत नाही, असेही होते. टीएक्सच्या तारेतून बोर्डात थोडी वीज झिरपते आणि तो नीट रीसेट होत नाही. आधी बोर्ड चालू करा, मग ती तार लावा.

१५. ईएमएमसीवर चुकीची इमेज लिहिली. आता एसडी कार्डावरूनही बूट होत नाही.

रॉकचिपची आरके३३९९ ही चिप आधी एसपीआय (बूटलोडरसाठीची छोटी चिप), मग ईएमएमसी (बोर्डावरची साठवण चिप) आणि सर्वांत शेवटी एसडी पाहते. ईएमएमसीवर बूटलोडरसारखे काहीतरी आहे पण ते मोडके आहे, तर ती तिथेच अडकते. ईएमएमसी क्षणभर नजरेआड करावी लागते: मॉड्यूल काढा, बोर्डावर स्विच असेल तर बंद करा, किंवा मास्करॉम (चिपमधली कायमची बचाव अवस्था) बटण दाबून धरत वीज द्या. मास्करॉममध्ये गेलेला बोर्ड संगणकाला यूएसबीने जोडला की 'एलएसयूएसबी' मध्ये २२०७ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. मग 'आरकेडेव्हलपटूल' ने नव्याने लिहा.

ऑलविनरच्या एच३ आणि ए६४ चिपा उलट एसडी आधी पाहतात, म्हणून तिथे चांगले कार्ड घातले की सुटका होते. काहीच सापडले नाही तर त्या एफईएल या तशाच बचाव अवस्थेत जातात आणि १एफ३ए:ईएफई८ असा क्रमांक दाखवतात.

हाताने बूटलोडर लिहिताना जागा चुकवू नका: ऑलविनरमध्ये ८ किलोबाइटवर, रॉकचिपमध्ये सेक्टर ६४ वर. आणि 'डीडी' (डिस्कवर थेट लिहिणारी आज्ञा) चालवण्याआधी 'एलएसबीएलके' ने साधनाचे नाव दोनदा पाहा. आपल्याच लॅपटॉपची डिस्क पुसण्याआधी 'डीडी' काही विचारत नाही.

१६. यूएसबी एसएसडी मध्येच गोठते आणि बोर्ड अडकतो.

आधी वीज: पाय ४ चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतो. मग 'डीमेसेज' पाहा. 'यूएएस' आणि 'अबॉर्ट' शब्द असलेल्या ओळी असतील तर सॅटा अडॅप्टरची चिप यूएएस या जलद यूएसबी पद्धतीला नीट साथ देत नाही. 'एलएसयूएसबी' मधून तिचा क्रमांक घ्या, समजा १५२डी:०५७८, आणि 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' च्या त्याच ओळीत 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=१५२डी:०५७८:यू' जोडा. वेग थोडा कमी होतो, गोठणे थांबते.

१७. पाइनबुक प्रो: वाय-फाय अचानक गायब, हेडफोनमधून आवाज नाही, रात्रीत बॅटरी संपते.

पाइनबुक प्रो हा आरके३३९९ चिपचा स्वस्त एआरएम लॅपटॉप. तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत. एफ११ तीन सेकंद दाबून धरले गेले की वाय-फाय हार्डवेअरपासूनच बंद होते (एफ१० माइक, एफ१२ कॅमेरा). पुन्हा तीन सेकंद दाबा आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय ते बहुधा परत येत नाही.

हेडफोनचे सॉकेट सिरियल कन्सोलसाठीही वापरले जाते. निवडीचा छोटा स्विच मागचे झाकण उघडल्यावर बोर्डावर दिसतो. तो कन्सोलवर असेल तर आवाज येणार नाही. ईएमएमसी बंद करण्याचा स्विचही आतच आहे (प्रश्न १५).

बॅटरीसाठी 'कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप' पाहा. तिथे फक्त 'एस२आयडल' असेल तर झाकण मिटले तरी लॅपटॉप अर्धजागाच राहतो. रात्री सरळ बंद करा. चार्जिंग १५ वॉटचेच आहे, त्यामुळे पूर्ण ब्राइटनेसवर जड काम करताना चार्जर लावूनही टक्के उतरू शकतात.

१८. सेकंडहँड एआरएम क्रोमबुकवर लिनक्स टाकता येईल का? कोणतीही एआरएम आयएसओ चालेल?

येईल, पण कोणतीही आयएसओ नाही. या यंत्रांत यूईएफआय नसते. त्यांचा बूटलोडर ठरावीक पद्धतीने सही केलेला कर्नल, खास प्रकारच्या पार्टिशनमध्येच शोधतो. त्यामुळे तुमच्या नेमक्या मॉडेलचे सांकेतिक नाव असलेली इमेज हवी. पोस्टमार्केटओएस या लिनक्समध्ये अनेक मॉडेल आहेत. इंटेल क्रोमबुकसाठी मिळणारे पर्यायी यूईएफआय फर्मवेअर एआरएमवर चालत नाही.

पद्धत: एस्केप, रीफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबा, मग कंट्रोल-डी. आतला सगळा डेटा पुसला जातो. डेव्हलपर मोडमध्ये यूएसबी बूट चालू करा आणि इशाऱ्याच्या पडद्यावर कंट्रोल-यू दाबा. त्याच पडद्यावरच्या सूचनेप्रमाणे घरातल्या कोणी स्पेस आणि एंटर दाबले, तर डेव्हलपर मोड जातो आणि सगळे पुन्हा पुसले जाते. झाकणावर चिठ्ठी चिकटवून ठेवा.

विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर यंत्र पूर्ण रीसेट करून पाहा. शाळा-कंपनीच्या जुन्या साठ्यातले क्रोमबुक इंटरनेटला लागताच मूळ संस्थेचे नोंदणी पान दाखवते आणि डेव्हलपर मोडही अडवू शकते. असे पान दिसले तर घेऊ नका.

१९. 'यूनेम -एम' एआर्च६४ दाखवते, तरी ६४ बिटचे पॅकेज बसत नाही. आणि पाय ५ वर एखादाच प्रोग्रॅम विनाकारण कोसळतो.

३२ बिटच्या रास्पबेरी पाय ओएसमध्येही २०२३ पासून पाय ४ वर कर्नल ६४ बिटचा येतो, बाकी सगळे ३२ बिटचे राहते. खरे उत्तर 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' देते. 'एआरएमएचएफ' आले तर तुमची सिस्टिम ३२ बिट आहे. ६४ बिटची इमेज नव्याने लिहा.

पाय ५ चा मूळ कर्नल मेमरीचे पान १६ किलोबाइटचे ठेवतो. काही प्रोग्रॅम ४ किलोबाइट गृहीत धरून बांधलेले असतात आणि ते कोसळतात. 'कॉन्फिग.टीएक्सटी' मध्ये 'कर्नल=कर्नल८.आयएमजी' लिहून रीस्टार्ट करा. 'एक्झेक फॉरमॅट एरर' मात्र वेगळी: तो प्रोग्रॅम बहुधा इंटेलसाठीचा आहे.

२०. मराठीच्या जागी चौकोन दिसतात.

फॉन्ट नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-नोटो-कोअर', मग ब्राउझर बंद करून उघडा. टाइप करायला 'आयबस-एम१७एन' बसवा; त्यात मराठीचा इनस्क्रिप्टही आहे. काळ्या टेक्स्ट कन्सोलवर मात्र देवनागरी नीट दिसणार नाही, कारण जोडाक्षरे जुळवण्याची सोय तिथे नाही. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने जा, तिथला टर्मिनल ते काम करतो.

२१. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला आहे. पेच घट्ट करू का?

नाही. खाली बॅटरी फुगली आहे, पेच आवळले तर तिच्यावर दाब येईल. लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा चार्ज करू नका. थंड झाल्यावर झाकण उघडून आधी बॅटरीचे कनेक्टर सोडवा. चिकटवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकच्या पट्टीने, न वाकवता, हळूहळू सोडवा. टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. धातूच्या भांड्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा, भांडे घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला द्या.

पाइनबुक प्रो बॅटरीशिवाय चालवायचा असेल तर आतली बायपास केबल जोडता येते, पण बॅटरीचे कनेक्टर काढल्यावरच. दोन्ही एकदम जोडलेले राहू देऊ नका.